ताकद तिप्पट, काम आठपट: पावसाचा अंदाज सुपरकॉम्प्युटरमध्ये नेमका कुठे अडतो?

२६ मे २०२५ ला मुंबईत मान्सून दाखल झाल्याचं हवामान विभागानं जाहीर केलं. नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे पाऊस तब्बल १६ दिवस आधी आला. त्या दिवशी दक्षिण मुंबईला पावसानं असं झोडपलं की नुकतंच सुरू झालेलं वरळीचं आचार्य अत्रे चौक मेट्रो स्टेशन पाण्यात गेलं. पायऱ्यांवरून धबधब्यासारखं पाणी उतरतानाचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेले असतील.

योगायोग असा की त्याच दिवशी दिल्लीत केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांच्या हस्ते 'भारत फोरकास्ट सिस्टिम'चं लोकार्पण झालं. पुण्यातल्या पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, म्हणजेच आयआयटीएमनं, हे मॉडेल तयार केलंय. आधीचा अंदाज १२ किलोमीटरच्या चौकोनांवर चालायचा, आता तो ६ किलोमीटरवर आला. पाऊस घरात शिरल्यावर छत्री उघडली, असा विनोद त्या दिवशी सहज सुचण्यासारखा होता.

असा योगायोग पहिलाही नव्हता. या मॉडेलमागचा 'अर्का' हा सुपरकॉम्प्युटर पंतप्रधानांनी २६ सप्टेंबर २०२४ ला ऑनलाइन राष्ट्रार्पण केला. त्याच दिवशी त्यांचा पुणे दौरा होता, आणि तो जोरदार पावसामुळे रद्द झाला होता.

विनोद बाजूला ठेवू. अर्काची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स सांगितली जाते. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी आकडेमोड. त्याच्या आधीचा 'प्रत्युष' ४ पेटाफ्लॉप्सचा होता. (अर्क म्हणजे सूर्य आणि प्रत्युष म्हणजे पहाट. मराठीत 'मोठा अर्क आहे' याचा अर्थ वेगळा होतो, पण तो नाव ठेवणाऱ्यांच्या मनात नसावा.) म्हणजे ताकद जवळपास तिप्पट झाली. मग कामाचा वेगही तिप्पट झाला का? आणि अंदाज तिप्पट बारीक का नाही झाला?

याचं उत्तर तुमच्या खिशातल्या 'ऑक्टा-कोअर' फोनलाही लागू पडतं.

६ किलोमीटरचा चौकोन म्हणजे काय?

हवामानाचं मॉडेल म्हणजे वातावरणावर टाकलेली एक जाळी. जमिनीवर चौकोन, आणि प्रत्येक चौकोनावर आकाशापर्यंत एकावर एक रचलेले थर. प्रत्येक खणात तापमान, दाब, आर्द्रता, वारा यांचे आकडे असतात. संगणक भौतिकशास्त्राची समीकरणं वापरून 'आत्ता असं आहे, तर काही मिनिटांनी कसं असेल' हे प्रत्येक खणासाठी काढतो, मग त्याच्या पुढची काही मिनिटं, मग त्याच्या पुढची. असं करत करत दहा दिवसांपर्यंत जातो.

जाळी जाड असेल तर काय होतं, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला फक्त ७३. दोन्हींमध्ये अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. म्हणजे १२ किलोमीटरच्या जाळीत सगळा मिळून दोनेक चौकोनांचा मामला. अख्खी मुंबई तीन-चार चौकोनांत बसते. ६ किलोमीटरच्या जाळीत तेच शहर बारा-पंधरा चौकोनांत विभागलं जातं. शहर तेच, फक्त आता चष्मा लावून बघितलेलं.

तरी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ६ किलोमीटरचा चौकोन आहे म्हणून मॉडेलला ६ किलोमीटरचा ढग नीट दिसतो, असं नाही. एखादी गोष्ट नीट पकडायला तिच्यावर बरेच चौकोन पडावे लागतात, जसं फोटोत चेहरा ओळखायला एक पिक्सेल पुरत नाही. तासाभरात शंभर मिलिमीटर ओतणारा ढग अनेकदा काही किलोमीटरचाच असतो. त्यामुळे 'पंचायत पातळीवरचा अंदाज' हे शब्द बातमीत वाचताना थोडं थांबून वाचायला हवेत. दिशा बरोबर आहे, पण मुक्काम अजून दूर आहे.

निम्मा चौकोन, आठपट काम

चौकोनाची बाजू निम्मी केली की एका चौकोनाचे चार होतात. इथपर्यंत शाळेतलं गणित. पण खण लहान झाले की वारा एका खणातून दुसऱ्यात लवकर पोचतो. त्यामुळे पुढे जाण्याची पावलंही लहान टाकावी लागतात, नाहीतर गणित भरकटतं आणि मॉडेल कोसळतं. म्हणजे पावलांची संख्या साधारण दुप्पट. चार गुणिले दोन, आठ.

१२ वरून ६ किलोमीटरवर यायला साधारण आठपट काम, आणि हातात आहे तिप्पट ताकदीचं यंत्र. वर घड्याळ थांबत नाही. सकाळी साडेपाचच्या निरीक्षणांवरून काढलेला अंदाज दुपारपर्यंत मिळाला तर त्याचा उपयोग. रात्री मिळाला तर तोवर पाऊस स्वतःच येऊन सांगून जातो. हवामानाची मॉडेलं चालवायला प्रत्युषला दहा तासांपर्यंत लागायचे आणि अर्काला चार तास पुरतात, असं लोकार्पणाच्या वेळच्या बातम्यांत सांगितलं गेलं. ही खरी महत्त्वाची बातमी होती, पण मथळ्यात पेटाफ्लॉप्स गेले.

तिप्पट ताकदीत आठपट काम बसवायचं, तर उरलेली बचत दुसरीकडून आणावी लागते. ती कुठून येते हे कळायला आधी संगणकाच्या पोटात जाऊया.

एकाच मेंदूचे अनेक मेंदू का झाले?

साधारण २००४ पर्यंत आयुष्य सोपं होतं. दर दोनेक वर्षांनी प्रोसेसरचा वेग वाढायचा आणि जुनाच प्रोग्रॅम काहीही न बदलता आपोआप जोरात धावायचा. इंटेलचा पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत गेला आणि तिथे गाडी अडली. वेग आणखी वाढवला तर चिप इतकी तापायची की थंड ठेवणं परवडेना. २००४ मध्ये इंटेलनं पुढची वेगवान चिप रद्द केली आणि मोर्चा वळवला. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी दोघांनीही एका चिपवर दोन कोअर असलेले प्रोसेसर बाजारात आणले.

तेव्हापासून एका कोअरचा वेग फार वाढलेला नाही, कोअरची संख्या वाढत गेली. दोन, चार, आठ, आणि आता सर्व्हरच्या एका चिपवर ६४, ९६, १२८. प्रत्युषमध्ये एकूण १ लाख १९ हजार २३२ कोअर होते.

पण यात एक अट आहे. शंभर कोअरना काम द्यायचं, तर कामाचे शंभर तुकडे पडायला हवेत. तुमचा फोन आठ कोअरचा असून एखादं अ‍ॅप रखडतं, कारण त्या अ‍ॅपचं काम बऱ्याचदा एकाच कोअरवर चाललेलं असतं आणि बाकीचे सात बसून असतात.

पुरण शिजेपर्यंत पोळ्या नाहीत

जीन अ‍ॅमडाल या संगणकशास्त्रज्ञानं १९६७ मध्येच याची मर्यादा मांडली होती. समजा एखाद्या कामाचा ९५ टक्के भाग वाटून घेता येतो आणि ५ टक्के भाग एकामागून एकच करावा लागतो. ८ कोअर लावले तर वेग सुमारे ५.९ पट होतो. ६४ लावले तर १५.४ पट. हजार लावले तर १९.६ पट. आणि कितीही लावले तरी २० पटीच्या पुढे जात नाही. ५ टक्क्यांचा तो भाग सगळ्यांना थांबवून ठेवतो.

घरातलं उदाहरण म्हणजे होळीच्या दिवशीच्या पुरणपोळ्या. लाटायला दहा जणी बसल्या तर पोळ्या भराभर होतील, पण डाळ शिजून पुरण वाटलं जाईपर्यंत दहाही जणी गप्पाच मारणार. आणि तवा एकच असेल तर नंतरही मारणार.

हवामानाच्या मॉडेलमध्ये असे थांबे बरेच असतात. भारत फोरकास्ट सिस्टिमसारख्या जागतिक मॉडेलमध्ये गणिताचा एक भाग असा असतो, जिथे प्रत्येक पावलाला पृथ्वीच्या सगळ्या भागांच्या आकड्यांची देवाणघेवाण करावी लागते. म्हणजे हजारो प्रोसेसरना एकमेकांशी बोलावं लागतं, आणि सगळ्यात हळू बोलणाऱ्यासाठी बाकीचे थांबतात.

कामाची वाटणीही समान होत नाही. ज्या कोअरच्या वाट्याला अरबी समुद्रावरचे काळे ढग आले त्याचं गणित जास्त, ज्याला निरभ्र वाळवंट मिळालं त्याचं कमी. वाळवंटवाला लवकर मोकळा होतो आणि ढगवाल्याची वाट बघत बसतो.

तरी अ‍ॅमडालचा नियम ही अर्धीच गोष्ट आहे, आणि खरं तर सोपी अर्धी. वैज्ञानिक आकडेमोडीतला मोठा घोळ वेगळ्याच ठिकाणी आहे. बातम्यांमध्ये त्याचं नाव जवळपास कधीच येत नाही.

चौसष्ट आचारी, एक कोठी

मोठ्या लग्नाचा स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा. चुलीपाशी चौसष्ट आचारी उभे आहेत, सगळे हाताचे चपळ. पण डाळ, तांदूळ, तेल, साखर सगळं कोठीत. आणि कोठीची दारं आठ. प्रत्येक आचाऱ्याला दर मिनिटाला सामान हवंय. थोड्याच वेळात दारांवर रांगा लागतात. आता आणखी चौसष्ट आचारी बोलावले तर जेवण लवकर होईल का? फक्त रांग लांबेल.

प्रोसेसरमध्ये हेच होतं. कोअर म्हणजे आचारी, मेमरी म्हणजे रॅम ही कोठी, आणि दोघांमधले मार्ग म्हणजे दारं. एएमडीच्या तिसऱ्या पिढीच्या 'एपिक' प्रोसेसरमध्ये ६४ पर्यंत कोअर असतात आणि मेमरीकडे जाणारे मार्ग खरोखरच आठ असतात. या आठ मार्गांनी मिळून सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे २०५ गिगाबाइट माहिती येऊ शकते. आकडा मोठा वाटतो. पण ६४ कोअरमध्ये वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला ३.२ गिगाबाइट.

आता दुसरी बाजू बघा. हे ६४ कोअर पूर्ण ताकदीनं चालले तर कागदावर सेकंदाला सुमारे २,५०० अब्ज आकडेमोडी करू शकतात.

एक अगदी साधं काम घेऊ. आकड्यांच्या दोन लांब याद्या आहेत. दुसऱ्या यादीतल्या आकड्याला एका संख्येनं गुणायचं, पहिल्यातल्या आकड्यात मिळवायचं आणि उत्तर तिसऱ्या यादीत लिहायचं. प्रत्येक उत्तरासाठी गणितं दोन, एक गुणाकार आणि एक बेरीज. पण ने-आण तीन आकड्यांची, प्रत्येक ८ बाइटचा, म्हणजे २४ बाइट. सेकंदाला २०५ गिगाबाइटच येणार असतील तर जास्तीत जास्त १७ अब्ज आकडेमोडी होतात. क्षमता २,५०० अब्ज आणि प्रत्यक्षात १७ अब्ज. टक्का काढला तर एकसुद्धा भरत नाही, ०.७ येतो.

चिपमध्ये कुठलाही बिघाड नाही. आचारी उत्तम आहेत, पण दारात उभे आहेत.

ही टोकाची स्थिती झाली, पण हवामानाचं मॉडेल याच बाजूला झुकलेलं असतं. प्रत्येक खणाचं नवं तापमान काढायला शेजारच्या खणांचे आकडे आणायचे, त्यांवर थोडंसं गणित करायचं, उत्तर परत ठेवायचं आणि पुढच्या खणाकडे जायचं. आणणं जास्त, शिजवणं कमी. समुद्राची मॉडेलं, विमानाच्या पंखावरून वाहणाऱ्या हवेचं गणित, भूकंपाच्या लहरी, सगळ्यांची जात हीच. अशा प्रोग्रॅमचा आलेख काढला की पहिल्या काही कोअरपर्यंत वेग सरळ चढतो आणि मग पठारासारखा सपाट होतो. पुढचे कोअर फक्त वीज खातात. म्हणूनच सुपरकॉम्प्युटरवर काम करणारे काही जण चिपवरचे निम्मे कोअर मुद्दाम रिकामे ठेवतात. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल, पण उरलेल्या प्रत्येक कोअरला कोठीचं दार दुप्पट मिळतं.

यावर चिप बनवणाऱ्यांनी केलेला जुना उपाय म्हणजे कॅश, म्हणजे चुलीशेजारची मांडणी. नेहमी लागणारं सामान तिथेच ठेवायचं. तिथून आकडा उचलणं अगदी झटपट होतं. कोठीपर्यंत जाऊन यायला मात्र १०० नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात, आणि तेवढ्या वेळात कोअरचे दोनशेहून जास्त ठोके वाया जातात. एएमडीनं २०२२ मध्ये 'एपिक'ची एक आवृत्ती आणली, जिच्यात कॅशचा आणखी एक मजला चढवून ती ७६८ मेगाबाइटपर्यंत नेली होती. तिचं गिऱ्हाईक गेमर नव्हते, अशी आकडेमोड करणारे इंजिनिअर होते.

आणखी एक सापळा आहे, आणि तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातातला आहे. सर्व्हरमध्ये बहुधा दोन चिप असतात आणि प्रत्येकीची आपापली मेमरी असते. म्हणजे दोन स्वयंपाकघरं, दोन कोठ्या. आपल्या कोठीतून आणणं जवळ, दुसऱ्याच्या कोठीतून आणणं लांब. लिनक्समध्ये सामान कुठल्या कोठीत ठेवायचं हे सहसा पहिल्यांदा हात कोण लावतो यावर ठरतं. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एकाच कोअरनं सगळ्या याद्या शून्यांनी भरल्या, तर सगळं सामान एकाच कोठीत जातं. मग दोन्ही स्वयंपाकघरांतले आचारी त्याच कोठीवर तुटून पडतात आणि दुसरी कोठी रिकामी राहते. सुरुवातीचं ते भरणंही सगळ्या कोअरमध्ये वाटून दिलं, म्हणजे कोडच्या एका-दोन ओळी बदलल्या, की तोच प्रोग्रॅम त्याच मशीनवर जवळपास दुप्पट वेगानं धावू शकतो. कोट्यवधींचं यंत्र, आणि फरक दोन ओळींचा.

मग पेटाफ्लॉप्सचा आकडा खोटा आहे का?

खोटा नाही, पण तो वेगळ्या परीक्षेतला आहे. जगातल्या सुपरकॉम्प्युटरची 'टॉप ५००' यादी लिनपॅक नावाच्या चाचणीवर ठरते. तिच्यात प्रचंड मोठं समीकरणांचं कोडं सोडवायचं असतं. त्यात एकदा आणलेलं सामान पुन्हा पुन्हा वापरता येतं, त्यामुळे आचाऱ्यांना कोठीत फारसं जावं लागत नाही. प्रत्युषनं या परीक्षेत ४ पैकी ३.७६ पेटाफ्लॉप्स मिळवले होते, म्हणजे ९४ टक्के. जून २०१८ च्या यादीत तो ३९ वा होता.

लिनपॅक ज्यांनी घडवलं त्या जॅक डोंगारांनाच पुढे वाटलं की ही परीक्षा आता खऱ्या कामाशी जुळत नाही. त्यांनी सहकाऱ्यांसोबत 'एचपीसीजी' ही दुसरी परीक्षा काढली. तिच्यात कोठीच्या फेऱ्या भरपूर असतात, अगदी खऱ्या वैज्ञानिक कामांसारख्या. तिचे निकाल बघितले की डोळे उघडतात. अमेरिकेचा 'एल कॅपिटन' लिनपॅकमध्ये १,७४२ पेटाफ्लॉप्स करून पहिला आला. एचपीसीजीमध्येही पहिलाच आला, पण १७.४ पेटाफ्लॉप्सवर. म्हणजे एक टक्का.

जपानमधल्या कोबे शहरातला 'फुगाकू' इथे लक्ष देण्यासारखा आहे. त्याच्यात जीपीयू नाहीत. ४८ कोअरचे साधे प्रोसेसर आहेत, पण मेमरी चिपला अगदी चिकटवून बसवलेली आहे, आणि प्रत्येक चिपला सेकंदाला सुमारे १,००० गिगाबाइट मिळतात. लिनपॅकमध्ये त्याचा आकडा ४४२, म्हणजे एल कॅपिटनच्या जेमतेम चौथा हिस्सा. एचपीसीजीमध्ये मात्र १६ पेटाफ्लॉप्स, म्हणजे जवळपास बरोबरी. २०२० मध्ये आलेलं यंत्र जून २०२५ पर्यंत या परीक्षेत पहिलं राहिलं, कारण त्याच्या कोठीची दारं मोठी आहेत.

म्हणून 'देशाचा सुपरकॉम्प्युटर इतक्या पेटाफ्लॉप्सचा' हा आकडा गाडीच्या स्पीडोमीटरवर लिहिलेल्या २२० सारखा समजावा. तो तिथे असतोच. पण सिंहगड रोडवर संध्याकाळी सहा वाजता गाडी किती पळते, हे वेगळं विचारावं लागतं.

बचत कुठून येते?

गेल्या काही वर्षांतला सगळ्यात हुशार उपाय अगदी साधा आहे. आकडे लहान करा. हवामानाची मॉडेलं पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक आकडा ६४ बिटमध्ये ठेवत आली. म्हणजे दशांशानंतर पंधरा-सोळा स्थानांपर्यंत अचूक. आता आर्द्रता मोजणारं उपकरणच जिथे दोन-तीन स्थानांपलीकडे भरवशाचं नसतं, तिथे सोळा स्थानं कशाला? युरोपीय देशांच्या ईसीएमडब्ल्यूएफ या हवामान केंद्रानं मे २०२१ मध्ये अंदाजाचं मॉडेल ३२ बिटवर आणलं. आकडा निम्मा, म्हणजे कोठीतून होणारी वाहतूक निम्मी. वेळ सुमारे ४० टक्के वाचला. अंदाजाचा दर्जा घसरला नाही. वाचलेल्या वेळात त्यांनी वातावरणाचे थर ९१ वरून १३७ केले. नवं यंत्र न घेता.

दुसरा उपाय जाळीच्या आकाराचा. पृथ्वीवर अक्षांश-रेखांशांची जाळी टाकली की ध्रुवांकडे रेखांश जवळ जवळ येतात आणि खण विनाकारण दाटतात. तिथे ना मुंबई ना मराठवाडा, पण गणित करावंच लागतं. भारत फोरकास्ट सिस्टिममध्ये अष्टफलकावर आधारलेली जाळी वापरली आहे. ती ध्रुवांकडे खण कमी करते आणि उष्ण कटिबंधात, म्हणजे आपल्याकडे, बारीक राहते. युरोपीय केंद्र २०१६ पासून अशीच जाळी वापरतंय. ताकद तिप्पट असताना आठपटीचं गणित जवळ आणण्यात अशा निवडींचा वाटा मोठा असतो. बातमीत मात्र त्या जागी 'अत्याधुनिक' एवढाच शब्द येतो.

तिसरा उपाय कष्टाचा आहे, जुना कोड नव्यानं लिहिणं. ही मॉडेलं फोरट्रानमध्ये आहेत, लाखो ओळींची, दशकानुदशकं अनेक हातांनी लिहिलेली. स्वित्झर्लंडच्या हवामान खात्यानं आपल्या मॉडेलचा गाभा जीपीयूसाठी पुन्हा लिहून २०१६ मध्ये तो रोजच्या वापरात आणला. पण ही कामं करायला हवामान आणि चिप दोन्ही कळणारी माणसं लागतात, आणि अशा माणसांना आयटी कंपन्या जास्त पगार देतात. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये 'मिशन मौसम'साठी २,००० कोटी रुपये मंजूर केले. रडार आणि संगणक दिसतात, त्यांचे फोटो येतात. कोड सुधारणाऱ्या टीमचा फोटो येत नाही.

पुण्यात आणखी एक काम सुरू आहे. सी-डॅक ही संस्था १९८८ मध्ये पुण्यात उभी राहिली, कारण अमेरिका तेव्हा आपल्याला ताकदीचे सुपरकॉम्प्युटर द्यायला तयार नव्हती. १९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली आलेला 'परम ८०००' हा अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडूनच केलेला होता. हीच सी-डॅक आता 'ऑम' नावाचा ९६ कोअरचा प्रोसेसर आखतेय. जाहीर केलेल्या आराखड्यात कोअरच्या संख्येपेक्षा महत्त्वाचा तपशील वेगळाच आहे. त्यात फुगाकूसारखी चिपला चिकटलेली वेगवान मेमरी आहे. आखणाऱ्यांना कोठीचा प्रश्न माहीत आहे, हे त्यावरून दिसतं.

एआय हे सगळं मोडीत काढेल का?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच. २०२३ मध्ये गुगल डीपमाइंडच्या 'ग्राफकास्ट'नं दहा दिवसांचा अंदाज एका चिपवर एका मिनिटाच्या आत काढून दाखवला. ईसीएमडब्ल्यूएफनं फेब्रुवारी २०२५ मध्ये आपलं एआय मॉडेल रोजच्या वापरात आणलं. भारतातही २०२५ च्या खरिपात एआयवर आधारित मान्सूनचा अंदाज १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना एसएमएसनं पाठवला गेल्याचं केंद्रीय कृषी मंत्रालयानं सांगितलं.

या वेगामागे हुशारीइतकाच हात आहे तो कामाच्या जातीचा. एआयचं गणित मुख्यतः मोठ्या कोष्टकांच्या गुणाकारांचं असतं, म्हणजे लिनपॅकच्या जातीचं. सामान एकदा आणलं की भरपूर शिजवता येतं. आजच्या चिप याच कामासाठी घडवल्या जातात.

पण ग्राफकास्टची जाळी सुमारे २८ किलोमीटरची आहे. कुलाबा आणि सांताक्रूझ तिच्या एकाच चौकोनात मावतील. आणि हे मॉडेल शिकलं ते 'एरा ५' नावाच्या संग्रहावर, ज्यात गेल्या काही दशकांचं हवामान साठवलंय. तो संग्रह तयार केला युरोपीय केंद्राच्या त्याच जुन्या पद्धतीच्या मॉडेलनं, निरीक्षणं आणि भौतिकशास्त्राची समीकरणं एकत्र करून. मुंबईतल्या वॉर्डांइतकं बारीक एआयला शिकवायचं, तर तितक्याच बारीक जाळीवरचा अनेक वर्षांचा इतिहास आधी कुणीतरी मोजून ठेवायला हवा.

आणि ते मोजणं महाग आहे. ६ वरून ३ किलोमीटरवर जायला पुन्हा साधारण आठपट काम. ३ वरून दीडवर जायला आणखी आठपट, म्हणजे आजच्या चौसष्टपट. प्रत्युषवरून अर्कावर यायला सहा वर्षांहून जास्त काळ गेला आणि कागदावरची ताकद तीन पट झाली. २६ मेला अत्रे चौक स्टेशनच्या पायऱ्यांवर पाणी ओतणारा ढग जाळीत नीट पकडायचा, तर जाळी त्याच दीड किलोमीटरच्या आसपास आणावी लागेल.